जांभ्याखालचे पाणी, काळ्या मातीतले सांडपाणी

बिदर शहर जांभ्याच्या पठारावर वसले आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसहाशे मीटर उंचीवरचे हे पठार कडेला एकदम तुटते आणि खाली मांजरेच्या खोऱ्याची सपाटी सुरू होते. वरचा लाल जांभा सच्छिद्र आहे, त्याखाली चिकण मातीचा थर आणि त्याहीखाली दख्खनचा काळा कातळ. पावसाचे पाणी जांभ्यातून भराभर झिरपते, मातीच्या थरापाशी अडते आणि फट सापडेल तिथून झऱ्याच्या रूपाने बाहेर येते. नानक झिरा गुरुद्वाऱ्यातील झरा आणि नरसिंह झरणीच्या गुहेतले छातीभर पाणी याच रचनेची देणगी आहे. हे पाणी कसे धरायचे, कसे वाटायचे आणि कसे स्वच्छ ठेवायचे, या प्रश्नाला बिदरने पंधराव्या शतकात एक उत्तर शोधले होते.

बहमनी सुलतान अहमदशहा याने १४३० च्या सुमारास राजधानी गुलबर्ग्याहून, म्हणजे आजच्या कलबुर्गीहून, बिदरला आणली. किल्ला पठाराच्या टोकाशी आणि त्याला लागून तटबंदीतले शहर अशी रचना झाली. दोन बाजूंना उतार आणि चहूबाजूंनी तट असल्याने जागा मोजकीच होती. मोठा तलाव बांधायला पठारावर ना सोयीची दरी, ना बारमाही ओढा. मग पाणी जमिनीखालूनच आणावे लागले. अहमदशहाने किरमानच्या शाह नियामतुल्लांच्या घराण्याला बिदरला बोलावले होते. पुढे वजीर झालेला महमूद गवान गीलानचा. इराणात भूमिगत कालव्यांची विद्या फार जुनी, तिथल्या अशा अकरा कालव्यांना युनेस्कोने २०१६ मध्ये जागतिक वारसा ठरवले आहे. माणसांच्या या येण्याजाण्यातून ती विद्या दख्खनच्या जांभ्यात रुजली. तिला करेझ म्हणतात, बिदरचे लोक सुरंग बावी म्हणतात.

करेझचे तत्त्व साधे असले तरी काम विलक्षण कौशल्याचे आहे. उंचावर जिथे भूजल खात्रीने सापडते तिथे पहिली विहीर खणतात. तिच्या तळापासून एक बोगदा उताराच्या दिशेने कोरत नेतात. बोगद्याचा उतार जमिनीच्या उतारापेक्षा कमी ठेवला की काही अंतरावर तो आपोआप जमिनीच्या पातळीला येतो आणि पाणी कुणी न उपसता बाहेर वाहू लागते. वाटेत ठराविक अंतरावर उभ्या विहिरी असतात. खोदताना त्यांतून माती वर काढली जाते, पुढे त्याच हवा, उजेड आणि दुरुस्तीची वाट होतात. पेशव्यांनी कात्रजहून पुण्याला आणलेल्या नळाच्या वाटेवर असे उच्छ्वास आहेत, औरंगाबादेत मलिक अंबरच्या नहरीवरही आहेत. उतार जरा जास्त झाला तर पाणी बोगदा खरवडून काढते, कमी झाला तर गाळ साचतो. आधुनिक मोजणीयंत्राशिवाय दोन-तीन किलोमीटर हा तोल सांभाळणाऱ्या खोदकाऱ्यांची नावे कुठेही नोंदलेली नाहीत, ही खंत वाटण्यासारखी गोष्ट आहे.

बिदरच्या करेझांपैकी शहरालगतच्या नौबादची सर्वांत मोठी. तिच्या मार्गावर वीसहून अधिक उभ्या विहिरी सापडल्या आहेत. शुक्लतीर्थाजवळ दुसरी आहे, आणि जुन्या शहरात पाणी वाटण्यासाठी जमना मोरी होती. केरळमधील भूगोलाचे प्राध्यापक व्ही. गोविंदनकुट्टी यांनी या मार्गांचा आराखडा पुन्हा मांडला. बोगदा खडकातल्या नैसर्गिक भेगेच्या रेषेला धरून जातो, हे त्यांच्या अभ्यासातून पुढे आले. म्हणजे खोदणाऱ्यांनी आधी पाणी वाचले, मग वाट ठरवली. २०१४ च्या जागतिक स्मारक निगराणी यादीत बिदरचे नाव आले आणि त्यानंतर नौबादच्या बोगद्यातला गाळ काढण्याचे काम हाती घेतले गेले.

जागेची चणचण असलेल्या शहराच्या दृष्टीने या रचनेचा मोठा गुण असा की ती जमीन अडवत नाही. तलावाच्या पाण्याखाली जमीन जाते आणि उन्हाने त्याचे पाणीही उडते. करेझच्या डोक्यावर मात्र शेत पिकू शकते, रस्ता जाऊ शकतो, बाजार भरू शकतो. पण या सवलतीला एक कडक अट आहे. वरची जमीन पाणी पिणारी राहिली पाहिजे, आणि तिने प्यायलेले पाणी घाण असता कामा नये. नौबादच्या बाजूला शहर वाढले तेव्हा ही अट मोडली. काही उभ्या विहिरी बुजल्या, काहींत कचरा पडला, काहींवर बांधकामे आली. शिवाय विंधनविहिरी खोल गेल्या. करेझ वरच्या थरातले पाणी घेते, विंधनविहीर त्याच्या कितीतरी खालून ओढते. भूजलाची पातळी बोगद्याच्या तळाखाली गेली की बोगदा शाबूत असूनही कोरडा राहतो.

आजचे बिदर मुख्यतः कारंजा धरणाचे आणि मांजरेचे पाणी पिते. दोन्ही पठाराच्या खाली असल्यामुळे प्रत्येक थेंब पंपाने वर चढवावा लागतो. हजार लिटर पाणी शंभर मीटर उचलायला, पंपातली घट धरून, साधारण ०.४ युनिट वीज लागते. हा आकडा किरकोळ वाटतो, पण शहराला रोज कोट्यवधी लिटर लागते आणि विजेचे बिल पाणीपट्टीतून भरून निघत नाही तेव्हा नगरपालिका दुरुस्तीला हात आखडते. नदीचा भरवसाही पूर्ण नाही. मांजरा बीड जिल्ह्यात उगम पावते आणि लातूरकडून बिदरला येते. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडे पडून लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले, हे मराठी वाचक विसरलेले नाहीत. त्याच नदीवर बिदर खालच्या अंगाला आहे. भीमेवर अवलंबून असलेल्या कलबुर्गीचेही तसेच, वर उजनी धरणात किती पाणी आहे यावर खालच्यांचा उन्हाळा ठरतो.

पाणीपुरवठ्याची चर्चा इथे थांबवण्याची सवय आहे, आणि तीच घातक आहे. शहरात आलेल्या पाण्यातले सुमारे ८० टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडते. २०११ च्या जनगणनेत बिदर शहराची लोकसंख्या २ लाख १६ हजार होती. माणशी रोज १३५ लिटर हे भुयारी गटार असलेल्या शहरासाठीचे सरकारी प्रमाण धरले तर पाणी होते सुमारे २.९ कोटी लिटर आणि सांडपाणी सुमारे २.३ कोटी लिटर. गटाराला न जोडलेल्या घरांतले मैलापाणी सेप्टिक टँकमधून शोषखड्ड्यात जाते. जांभा पावसाचे पाणी जितक्या सहज आत घेतो, तितक्याच सहज तो हेही घेतो. शोषखड्डा कधी तुंबत नाही म्हणून घरमालक समाधानी असतो, आणि शेजारच्या आडात जंतू व नायट्रेट उतरत राहतात.

कलबुर्गीची जमीन नेमकी उलट वागते. तिथे काळी माती आहे. शहाबादी फरशी म्हणून महाराष्ट्रभर ओळखला जाणारा चुनखडक जिल्ह्याच्या दक्षिण भागात लागतो, शहर मात्र बेसाल्टवरचे. काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते. त्या हालचालीत नळांचे सांधे निखळतात. पावसाळ्यात शोषखड्डे पाणी घेत नाहीत आणि मैला गल्लीतल्या उघड्या नालीत येतो. त्याच नालीतून पाण्याचा नळ गेलेला असतो. पुरवठा काही तासांचाच असेल तर उरलेल्या वेळी नळ रिकामा राहतो, त्यातला दाब घटतो आणि सांध्यातून नालीचे पाणी आत शिरते. पुढच्या वेळी नळ सुरू झाला की पहिली बादली त्या पाण्याची.

यावर उपाय म्हणून कर्नाटकाने जागतिक बँकेच्या साहाय्याने हुबळी-धारवाड, बेळगाव आणि कलबुर्गी या शहरांच्या निवडक भागांत चोवीस तास पाणी देण्याचा प्रयोग केला. योजना २००४ ची, पाणी २००८ पासून वाहू लागले. जुने नळ बदलून नवे टाकले, घरोघरी मीटर बसवले, गळती शोधून बंद केली. खासगी कंपनीकडे चालवायला दिल्याबद्दल आणि दरांबद्दल वाद झाले, त्यांत तथ्यही होते. तरी एक गोष्ट मान्य करावी लागते. हुबळी-धारवाडमध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी केलेल्या अभ्यासात अखंड पुरवठ्याच्या वस्त्यांत नळाचे पाणी बरेच स्वच्छ आढळले आणि विषमज्वर कमी दिसला. मुलांच्या एकूण जुलाबांत मात्र फरक पडला नाही, फक्त गरीब घरांत रक्ती जुलाब घटले. नळ सुधारला तरी नाली तशीच राहिली तर याहून वेगळे काय होणार? मराठी मुलखात कऱ्हाडजवळच्या मलकापूरनेही चोवीस तासांची योजना राबवली आहे.

अखंड पुरवठ्याचा जागेशी असलेला संबंध सहसा लक्षात येत नाही. दिवसाआड पाणी येते तेव्हा साठवण घरावर पडते. ऐपत असलेला जमिनीत हौद आणि गच्चीवर टाकी बांधतो. एका खोलीत सहा माणसे राहणाऱ्याने पिंपे ठेवायची कुठे? शहराला जागा कमी असते, पण तिची सर्वांत मोठी किंमत याच घरातली बाई मोजते.

सांडपाणी शुद्ध करायलाही जागा लागते. सर्वांत स्वस्त आणि सोपी पद्धत म्हणजे उथळ तळ्यांत ऊन आणि शेवाळाकडून पाणी शुद्ध करवणे. ढोबळमानाने दहा लाख लिटरला एक हेक्टर जमीन धरली तर बिदरला सुमारे तेवीस हेक्टर हवेत आणि २०११ च्या ५ लाख ३३ हजार लोकसंख्येच्या कलबुर्गीला सत्तावन्नच्या आसपास. यंत्राने हवा मिसळणारी केंद्रे त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास जागेत बसतात, पण वीज आणि शिकलेली माणसे मागतात. जमीन वाचवायची तर विजेचा खर्च सोसावा लागतो, यातून पळवाट नाही. सिंगापूरने जागेसाठी थेट खाली जायचे ठरवले. २००८ मध्ये पूर्ण झालेल्या पहिल्या टप्प्यात ४८ किलोमीटरचा खोल भुयारी मार्ग खोदून सांडपाणी एका मोठ्या केंद्राकडे उताराने नेले, जुनी विखुरलेली केंद्रे बंद केली आणि ती जमीन मोकळी केली. सिंगापुरात शुद्ध केलेले पाणी २००३ पासूनच कारखान्यांना आणि जलाशयांना दिले जाते. उतारावर पाणी वाहवण्याचे तत्त्व नौबादचेच आहे, मागे पैसा मात्र श्रीमंत राष्ट्राचा आहे.

बिदरला तसा भुयारी मार्ग परवडणार नाही, आणि त्याची गरजही नाही. सातारा जिल्ह्यातील वाईने सेप्टिक टँक ठरावीक वर्षांनी वेळापत्रकाप्रमाणे रिकामे करण्याची सोय २०१८ मध्ये सुरू केली. टँक तुंबल्यावर टँकरवाल्याला फोन करण्याऐवजी प्रत्येक घराची पाळी येते, खर्च करातून निघतो आणि मैला शेतात किंवा ओढ्यात न टाकता प्रक्रिया केंद्रावर जातो. त्यासाठी लागणारी जागा थोडी असते. बिदरमध्ये अशा व्यवस्थेचा पहिला हक्क नौबाद करेझच्या वरच्या वस्त्यांना आहे. तिथले टँक आधी तळबंद व्हायला हवेत, भुयारी गटाराची जोडणी तिथे आधी पोहोचायला हवी, आणि उभ्या विहिरींच्या दोन्ही बाजूंना बांधकामबंदीचा पट्टा शहराच्या विकास आराखड्यात आखला जायला हवा. त्याच पट्ट्यात नव्या विंधनविहिरीला परवानगी नको. हा पट्टा मोकळा ठेवायला जाणारी जमीन एखाद्या नव्या जलाशयाखाली जाणाऱ्या जमिनीपेक्षा फारच थोडी आहे.