मळीची व्हिस्की आणि माल्टची व्हिस्की



आपल्या उसाच्या मळीपासून आसवनीत अल्कोहोल निघते आणि त्यापासून देशात व्हिस्कीही बनते. मग स्कॉटलंडच्या जुन्या बाटलीला एवढा भाव का, असे काही सभासद विचारतात. त्याचा हा खुलासा.

पहिला फरक कच्च्या मालाचा. उसात साखर तयार असते. सिंगल माल्ट बनते सातूपासून, म्हणजे जवापासून. त्यात पिष्ट असते. म्हणून सातू भिजवून मोड आणतात, मग वाळवतात. मोडामुळे पिष्टाची साखर होते आणि ती आंबवतात. काही ठिकाणी पीट नावाची दलदलीतली माती जाळून मोड वाळवतात. धुराचा वास येतो तो तिचा. एकाच आसवनीतला, फक्त सातूच्या माल्टचा माल असेल तरच 'सिंगल माल्ट' म्हणायचे.

दुसरा फरक ऊर्ध्वपातनाचा. आपल्याकडे उंच स्तंभातून ९५ टक्क्यांच्या आसपासचे स्पिरिट काढतात. त्यात मळीचा वास-चव मुद्दामच घालवलेली असते. तिकडे तांब्याच्या भांड्यातून काढतात, त्यामुळे वास मागे राहतो. युरोपात मळीच्या दारूला व्हिस्की म्हणताच येत नाही. उसाची खरी जुनी दारू म्हणजे रम.

तिसरा फरक मुरण्याचा. स्कॉच ओकच्या पिंपात किमान ३ वर्षे ठेवावीच लागते. बाटलीवर १२ वर्षे लिहिले, तर आतला सर्वांत कोवळा माल १२ वर्षांचा. बाटलीत भरल्यावर मात्र वय वाढत नाही. रंग पाहून वय ठरवू नये. रंगासाठी जळक्या साखरेचा कॅरॅमल घालायला परवानगी आहे.

पिंपातून वाफ उडते. स्कॉटलंडात दरसाल सुमारे २ टक्के, बंगळूरला १० ते १२ टक्के. हिशेब करा : १०० लिटरचे १२ वर्षांनी तिकडे ७८ लिटर उरतील, इकडे जेमतेम २५. नागपूरच्या मे महिन्यात काय होईल ते सांगायला नको! पण उष्णतेने माल लवकर मुरतोही. बंगळूरची 'अमृत' २००४ साली ग्लासगोत विक्रीला गेली, गोव्याची 'पॉल जॉन' २०१२ साली इंग्लंडात. दोन्हींनी नाव कमावले.

पारख कशी करतात? तोंडाशी निमुळत्या पेल्यात थोडीशी घेतात. बर्फ नाही, कारण गारव्याने वास दबतो. आधी तोंड किंचित उघडे ठेवून हुंगतात : व्हॅनिलाचा वास ओकचा, मनुकांसारखा शेरीच्या पिंपाचा, फळांचा आंबवण्यातला. मग चमचाभर साधे पाणी घालतात. झोंबणे कमी होऊन वास मोकळा होतो. लहान घोट जिभेवर फिरवून, गिळल्यावर चव किती वेळ टिकते ते बघतात. गुळाची ढेप फोडून हुंगणाऱ्या आपल्या जुन्या गुळव्याला हे शिकवावे लागणार नाही.

हा लेख पिण्याची शिफारस नव्हे. शेजारच्या वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे, आणि दारूने मोडलेले संसार आपण सर्वांनी पाहिले आहेत.

घ्यायचे ते एवढेच : मोल येते ते माल जपण्याने. तोडलेला ऊस उन्हात पडून राहिला की साखर उतरते, उतारा घटतो. म्हणून ऊस पाचट-माती न येता, तोडल्यापासून २४ तासांच्या आत गव्हाणीवर पोहोचेल असे पाहा. मुरू द्यायचे ते पिंपात, फडात नव्हे.

— ऊस विकास अधिकारी