एकटं लोखंड

भिवंडीहून कुलाब्याच्या नेव्हीनगरात जायचं म्हणजे अख्खी मुंबई पार करणं आलं. तिथं टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 14 दशलक्ष व्होल्टचा पेलेट्रॉन त्वरक आहे. हा त्वरक म्हणजे भाभा अणुसंशोधन केंद्रासोबतची संयुक्त सुविधा. एस. एन. मिश्रा यांच्यासारख्या संशोधकांनी इथं एक साधा वाटणारा प्रश्न लावून धरला: लोखंडाचा एकच अणू परक्या धातूत टाकला, तर त्याचं चुंबकत्व उरतं का?

अडचण अशी, की पोटॅशियमसारख्या धातूत लोखंड विरघळतच नाही. मग ते तिथंच घडवून आत घुसवायचं. कार्बन-12 ची शलाका स्कँडियमच्या पातळ पत्र्यावर आदळते, एक प्रोटॉन आणि दोन न्यूट्रॉन बाहेर पडतात आणि उरतं ते लोखंड-54, उत्तेजित अवस्थेत. धडकेच्याच जोरावर ते मागच्या धातूत जाऊन रुततं. असे अणू इतके विरळ, की त्यांची एकमेकांशी गाठच पडत नाही.

या टकरीत केंद्रकांच्या फिरकीला दिशाही मिळते, त्यामुळे गॅमा किरण सगळीकडे सारखे जात नाहीत. नमुना विद्युतचुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये बसवलेला असतो. क्षेत्र लागलं की केंद्रकाचा अक्ष घुमू लागतो आणि किरणांचा झोत फिरतो, समोरच्या समुद्रातल्या प्राँग्ज दीपगृहासारखा. किरण टिपणारे शोधक (डिटेक्टर) मात्र जागचे हलत नाहीत.

शलाका ठोक्याठोक्यानं येते आणि प्रत्येक ठोक्यापासून घड्याळ सुरू होतं. उत्तेजित केंद्रकाचं अर्धायुष्य सुमारे 360 नॅनोसेकंद. दोन टेस्लाच्या क्षेत्रात एक फेरी साधारण 90 नॅनोसेकंदांची. म्हणजे विझण्याआधी चार-पाच फेऱ्या मिळतात. तेवढ्या पुरतात. मॉनिटरवर काउंट्स साचत जातात आणि घसरत्या रेषेवर हळूहळू लाटा उमटतात. सुरुवातीला सगळा निव्वळ गोंधळ वाटतो. बीमटाइमच्या, म्हणजे शलाका हाती असलेल्या रात्री बहुतेक वाट पाहण्यातच जातात.

खरी मेख लाटांच्या वेगात आहे. अणूला स्वतःचं चुंबकत्व असेल, तर त्याचे इलेक्ट्रॉन केंद्रकापाशी जादा क्षेत्र उभं करतात. यालाच अतिसूक्ष्म आंतरक्रिया म्हणतात. हे जादा क्षेत्र तापमानानुसार बदलतं, म्हणून नमुना थंड-गरम करत तीच मोजणी पुन्हा पुन्हा करायची. वेग हलला नाही, तर चुंबकत्व नाही. इतका सरळ निकाल पदार्थविज्ञानात क्वचितच मिळतो.

पोटॅशियमचा निकाल 1980 च्या दशकात बर्लिनच्या गटानं लावला: तिथं एकट्या लोखंडाचं चुंबकत्व भरघोस टिकतं. ॲल्युमिनियममध्ये ते उरत नाही.