रक्तस्राव थांबेपर्यंत

अपघातात गंभीर जखमी झालेल्या माणसाला तातडीने शस्त्रक्रियेसाठी घेतात, तेव्हा भूलतज्ज्ञाने त्याला फक्त झोपवायचे असते, असा बहुतेकांचा समज असतो. खरे तर झोपवणे हा त्या कामाचा छोटा भाग आहे, पण अतिशय धोक्याचा. खूप रक्त गेलेले शरीर रक्तवाहिन्या आवळून कसाबसा रक्तदाब टिकवत असते. भुलेचे औषध नेहमीच्या मात्रेत दिले की ही पकड सुटते आणि हृदय बंद पडू शकते. म्हणून अशा रुग्णाला बऱ्याचदा केटामिन देतात, आणि तेही कमी मात्रेत. त्याचे पोट भरलेले आहे असे धरून श्वासनलिकेत नळी झटपट घालतात, मानेला इजा असेल असे धरून मान हलू देत नाहीत. या साऱ्या धडपडीचे सूत्र एकच आहे: रक्तस्राव थांबेपर्यंत शरीराला तगवायचे, आकडे सुधारण्याच्या नादी लागायचे नाही.

रक्तदाब उतरला की भराभर सलाइन द्यावे, हे पटायला सोपे वाटते. पण सलाइन प्राणवायू वाहून नेत नाही, गोठणारे घटक पातळ करते, आणि वाढलेल्या दाबाने नुकतीच धरलेली गुठळी निसटू शकते. शरीर थंड पडणे, रक्तातले आम्ल वाढणे आणि रक्त न गोठणे या तीन गोष्टी एकमेकींना बळ देत रुग्णाला मृत्यूकडे ढकलतात. अमेरिकेतील ह्यूस्टन शहरात गोळी किंवा सुरा लागलेल्या ५९८ जखमींचा अभ्यास १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना शस्त्रक्रियेपर्यंत द्रव दिले नव्हते त्यांच्यातले ७० टक्के वाचले, लगेच द्रव दिलेल्यांतले ६२ टक्के. त्यामुळे आता सलाइन हात राखून देतात, लाल पेशी, प्लाझ्मा आणि प्लेटलेट लवकर व समतोल प्रमाणात देतात, रक्त गरम करून चढवतात आणि कॅल्शियमकडे लक्ष ठेवतात.

यावर रास्त आक्षेप आहेत. ह्यूस्टनचे जखमी बहुतांशी तरुण होते आणि त्यांच्या जखमा शरीरात घुसलेल्या होत्या. आपल्याकडे रस्त्यावरच्या अपघातांत मुका मार आणि डोक्याची इजा नेहमीची. डोक्याला मार असेल तर कमी रक्तदाब मेंदूला घातक ठरतो, तिथे हा संयम चालत नाही. भूल कमी पडून रुग्णाला मध्येच जाग येण्याची भीतीही खरी आहे. म्हणून रक्तदाब सावरू लागताच मात्रा वाढवत न्यावी लागते. पण या आक्षेपांनी मूळ तत्त्व कोसळत नाही, उलट रुग्ण पाहून निर्णय घेणारा अनुभवी भूलतज्ज्ञ किती मोलाचा आहे, हेच त्यांतून कळते.

त्याच्या हाती वेळ किती उरतो, हे मात्र बाहेर ठरते. ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड या रक्तस्राव रोखणाऱ्या स्वस्त औषधाची ४० देशांतील वीस हजारांवर जखमींवर चाचणी झाली. २०१० मध्ये आलेल्या तिच्या निष्कर्षांनुसार मृत्यू १६ टक्क्यांवरून १४.५ टक्क्यांवर आले. पुढच्या विश्लेषणात दिसले की हा लाभ पहिल्या तीन तासांतच मिळतो. नंतर दिल्यास अपायही होऊ शकतो. म्हणून अपघात दिसला तर १०८ क्रमांकावर फोन करा, वाहणारी जखम स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरा, आणि प्रकृती साथ देत असेल तर नियमित रक्तदान करा. रक्तपेढीत रक्त नसेल, तर निष्णात भूलतज्ज्ञाचेही हात रिकामेच राहतात.