खोक्यातलं उलटं अंगण



छपराच्या पत्र्याला बारीक भोक असलं, की जमिनीवर उन्हाचा गोल कवडसा पडतो. भोक वाकडंतिकडं असलं तरी कवडसा गोलच, कारण ते सूर्याचं चित्र असतं. पिनहोल कॅमेरा याच तत्त्वावर चालतो. त्याला ना भिंग लागतं, ना बॅटरी.

आधी छोटा करू. चहापत्तीचा पुठ्ठ्याचा खोका घ्या. एका बाजूला रुपयाएवढं भोक कापा, त्यावर पोळ्या गुंडाळायची फॉइल चिकटवा आणि फॉइलला सुईच्या टोकानं छिद्र पाडा. समोरची बाजू कापून तिथे तेलाचं बोट फिरवलेला पांढरा कागद लावा. छिद्र उन्हातल्या अंगणाकडे करा आणि डोक्यावरून गोधडी घेऊन कागदाकडे बघा. अंगणातलं झाड उलटं दिसेल. प्रकाश सरळ रेषेत जातो, म्हणून शेंड्याकडचा प्रकाश छिद्रातून खाली उतरतो आणि बुंध्याकडचा वर चढतो.

छिद्र मोठं केलं तर चित्र उजळतं, पण पुसट होतं. खोका लांब केला तर चित्र मोठं होतं, पण अंधुक.

लांब खोका सूर्यग्रहणाला उपयोगी पडतो. छिद्रापासून कागद १ फुटावर असेल, तर सूर्य बाजरीच्या दाण्याएवढा दिसतो. खोक्याला खोका जोडून लांबी १ मीटर केली, तर हरभऱ्याएवढा, म्हणजे सुमारे ९ मिलिमीटर. या खोक्यात साधा कागद आतून लावा आणि बघायला कागदाजवळ बाजूला खिडकी कापा. सूर्याकडे पाठ करून उभ्या राहा आणि ऊन खांद्यावरून छिद्रात येऊ द्या.

एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. छिद्राला डोळा लावून सूर्याकडे कधीच बघायचं नाही. डोळ्याच्या आतला पडदा भाजला तरी दुखत नाही, त्यामुळे नजर गेल्यावरच कळतं. काजळी धरलेली काच, गॉगल, एक्स-रेची फिल्म, परातीतलं पाणी, यातलं काहीही सुरक्षित नाही.

२ ऑगस्ट २०२७ ला दुपारनंतर आपल्याकडे खंडग्रास सूर्यग्रहण आहे. पावसाळा असल्यानं ढगांचा भरवसा नाही, पण खोका तयार असू द्या. गटाच्या बैठकीत मुलींना सोबत घेऊन एकेक बनवा. ग्रहण सगळ्यांनी बघावं, पण डोळे सांभाळून.