मावळत्या ताऱ्याचें कंकण

आश्विनांत पाऊस उघडून आकाश स्वच्छ झालें म्हणजे सायंकाळीं वायव्येस उंचावर अभिजिताचा शुभ्र तारा सहज दृष्टीस पडतो. त्याच्या नजीकच, स्वरमंडळ नांवाच्या तारकासमूहांत, नुसत्या डोळ्यांस न दिसणारें एक कंकण आहे. इ. स. १७७९ मध्यें फ्रेंच ज्योतिर्विद शार्ल मेसिए यांनीं त्याची नोंद केली. लहानशा दुर्बिणींतून तें धुराच्या वर्तुळासारखें भासतें. हें कंकण म्हणजे एका वृद्ध ताऱ्याचा अंतकाळ होय.

सूर्यासारख्या ताऱ्याच्या गाभ्यांतील हायड्रोजन संपला कीं तारा फुगून तांबडा व अवाढव्य होतो. पुढें त्याचीं बाहेरचीं आवरणें सुटून अवकाशांत पसरतात व लहानसा तप्त गाभा तेवढा उरतो. या कंकणाच्या मध्यावरील गाभ्याचें उष्णमान एक लक्ष अंशांहून अधिक आहे. त्याच्या अतिनील किरणांनीं सभोंवारचा वायु उजळतो.

परंतु वाटोळ्या ताऱ्यापासून वाटोळा फुगाच निघावयाचा. कंकण कां व्हावें? कांहीं मरणोन्मुख तारे तर दोहों अंगांस कारंज्यासारखे झोत सोडतात. याचें कारण बहुधा सोबती तारा असतो, असें शास्त्रज्ञ मानतात. दोघे एकमेकांभोंवतीं फिरत असतां सुटलेला वायु त्यांच्या कक्षेच्या पातळींत दाटतो व त्याचें कडें बनतें. मग मागाहून येणाऱ्या वायूस वर व खालीं, म्हणजे अक्षाच्या दिशेनें, वाट मोकळी सांपडते, तोच झोत. २०२३ सालीं वेब दुर्बिणीनें या कंकणाबाहेर सुमारें दहा मंद कमानी दाखविल्या. त्या सरासरी २८० वर्षांच्या अंतरानें उमटल्या असाव्यात व तेंही एखाद्या सोबत्याचेंच कार्य असावें, असा तर्क आहे.

हाच भ्रमणाचा खेळ दीर्घिकांत अफाट प्रमाणावर चालतो. कन्या राशींतील 'एम ८७' या दीर्घिकेंतून निघालेला एक सरळ किरण अमेरिकन ज्योतिर्विद हेबर कर्टिस यांनीं १९१८ सालीं पाहिला. त्याची लांबी हजारों प्रकाशवर्षें आहे. त्याच्या मुळाशीं साडेसहाशें कोटी सूर्यांच्या वजनाचें कृष्णविवर आहे. त्याच्या छायेभोंवतींच्या तेजोवलयाचें चित्र २०१९ सालीं प्रसिद्ध झालें. आंत ओढला जाणारा वायु सरळ न पडतां चकतीसारखा गरगरतो. त्या फिरण्यानें चुंबकीय क्षेत्रास पीळ बसतो, व कांहीं द्रव्य अक्षाच्या दिशेनें जवळजवळ प्रकाशाच्या वेगानें बाहेर फेंकलें जातें.

दोन्ही घटनांचें मूळ असें सारखें असलें, तरी त्यांच्या फळांत मोठा भेद आहे. दीर्घिकेचा झोत भोंवतालचा वायु तापवितो. तप्त वायूचे तारे बनत नाहींत. म्हणून 'एम ८७' मध्यें नव्या ताऱ्यांचा जन्म जवळजवळ थांबला आहे. उलट, ताऱ्याचें कंकण कांहीं सहस्र वर्षांत विरून जातें, आणि त्यांतील कार्बन व नायट्रोजन पुढील ताऱ्यांच्या व ग्रहांच्या घडणींत उतरतात. आपल्या देहांतील कार्बनाचा बराचसा अंश अशाच जुन्या ताऱ्यांचा वारसा आहे. सुमारें पांचशें कोटी वर्षांनीं आपला सूर्यही याच वाटेनें जाईल, आणि त्याचीं सुटलेलीं आवरणें कोणा नव्या ताऱ्याच्या कामीं येतील.