तोल सांभाळून – ९ : वाळू रुळावर ठीक, फरशीवर नको

शिडीवर लिहितो असं मागच्या आठवड्यात म्हणालो होतो. पण शिडी आणखी आठवडाभर भिंतीला टेकलेलीच राहू दे. ओल्या फरशीच्या लेखावर खंडाळ्याच्या एका निवृत्त रेल्वे कर्मचाऱ्यांचं पत्र आलंय आणि ते वाचल्यापासून डोक्यात तेच घोळतंय. ते लिहितात, ‘घाटात चाक घसरायला लागलं की आम्ही रुळावर वाळू सोडायचो आणि शंभरावर टनांचं इंजिन वर चढायचं. तुम्ही म्हणता, कारखान्यात सांडलेल्या तेलावर वाळू किंवा भुसा टाकू नका. मग चुकतंय कोण, रेल्वे की तुम्ही?’

कोणीच नाही. पण प्रश्न फार सुंदर आहे.

बोरघाटातून गाडी १८६३ पासून धावते. चढ ३७ ला १, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. कर्जतला मागून ढकलणारी बँकर इंजिनं लागतात ती याचसाठी. आणि चाक सगळ्यात जास्त घसरतं ते आषाढातल्या धो धो पावसात नव्हे, तर भुरभुर पावसात. मुसळधार पाऊस रूळ धुऊन काढतो. भुरभुरीत मात्र रुळावरचा गंज, तेल आणि पाला भिजून त्याचा पातळ लेप होतो. आपल्या कारखान्याच्या आवारातही पहिल्या पावसाला नेमकं हेच होतं.

रुळावरची वाळू चाळलेली आणि कोरडी ठक्क असावी लागते. ओली असली की नळीतच अडकते. दाबाच्या हवेनं ती चाकाच्या अगदी पुढ्यात फेकली जाते. मालगाडीच्या मोठ्या विजेच्या इंजिनात एकेका चाकावर दहा टनांच्या आसपास भार असतो आणि चाक रुळाला टेकतं ती जागा असते जेमतेम अंगठ्याच्या नखाएवढी! त्या दाबाखाली वाळूच्या कणाचं पीठ होतं. ते लेप फोडून दोन्हीकडच्या पोलादात रुततं आणि मग चाकाला पकड मिळते.

आता साठ-सत्तर किलोचा माणूस चपलेनिशी चकचकीत टाइल्सवर चालतोय. त्याच्या वजनानं वाळूचा कण फुटत नाही, मोहरी सांडल्यासारखा तळव्याखाली गडगडतो. रेल्वेत कणाचा चुरा होतो म्हणून पकड येते, इथे तो अख्खा राहतो म्हणून पाय जातो. भुशाची गोष्ट निराळी. तो तेल शोषतो, पण उपयोग लगेच झाडून उचलला तरच. टाकून घरी गेलात तर सकाळी तेलकट लगदा तयार, आणि वर शेगडी जवळ असेल तर आगीला आमंत्रण.

आमच्या लोणावळ्याच्या चिक्कीच्या भट्टीत तर भुशाचं नावही नको, खाण्याचा माल आहे. पण फरशीचा अभ्यास करायला याच्याइतकी चांगली शाळा नाही. ओट्याला तुपाचा हात फिरवलेला, त्यावर ओतलेलं गरम मिश्रण दोघं-तिघं भराभर लाटतायत, कारण थंड झालं की सुरी चालत नाही. तूप ओट्याच्या कडेनं खाली ठिबकतं. भाजलेल्या दाण्यांची फोलपटं उडून त्यावर बसतात. दोन पावलांवर पाकाचे थेंब सांडलेले. लोणावळ्याच्या दमट हवेत ते सुकायचं नाव घेत नाहीत. म्हणजे एका ठिकाणी पाय सटकतो, दुसऱ्या ठिकाणी चिकटतो, आणि पाय चिकटला की माणूस पुढे झुकतो. हातात कढई असते. पाण्यात टाकलेला थेंब कट्‌कन तुटला म्हणजे पाक झाला. तेव्हा तो दीडशे अंशांच्या आसपास असतो. इथे नुसतं पडणं नाही, भाजणंही आहे.

अशा ठिकाणी कोणी पडला की पहिला प्रश्न ठरलेला, ‘लक्ष कुठं होतं?’ मला या प्रश्नाचा मनापासून राग आहे. लक्ष पाकावर होतं, तिथेच असायला हवं होतं. फरशीकडे लक्ष देणं हे फरशीच्या मालकाचं काम. १९४८ च्या कारखाने अधिनियमानंही, कलम ३२ मध्ये, फरशी, जिने आणि ये-जा करायच्या वाटा अडथळ्यांपासून आणि पाय घसरवणाऱ्या पदार्थांपासून मोकळ्या ठेवण्याचं बंधन कारखान्यावरच घातलं. कामगारसंख्येच्या अटीमुळे लहान भट्ट्या पुष्कळदा कायद्याच्या बाहेर राहतात, पण तूप काही माणसं मोजून सांडत नाही.

मग टाकायचं काय? तुपावर नुसतं गार पाणी मारणं व्यर्थ, ते निघत नाही, थिजतं. ओल्या पोछ्यानं पुसलं तर हातभर डागाची खोलीभर साय होते. आधी कागदानं किंवा चिंधीनं तूप टिपून घ्यायचं. मग गरम पाण्यात साबण कालवून ओतायचा आणि पाच-दहा मिनिटं थांबायचं. सगळे चुकतात ते इथे. ओतल्या ओतल्या पुसून टाकतात, तूप सुटतच नाही. त्यानंतर खराटा किंवा ब्रश, स्वच्छ पाणी, वायपरनं मोरीकडे लोटणं आणि शेवटी कोरडं फडकं. साबण राहिला तर तोही पाडतो. पाकाला मात्र गरम पाणी पुरतं. आणि गमबुटाच्या नक्षीत गूळ भरला की तो बूट आणि गुळगुळीत चप्पल यांत फरक उरत नाही. आठवड्यातून एकदा काडीनं कोरून काढा.

सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे ओट्याच्या कडेला उभी पट्टी लावणं. थेंब खाली आलाच नाही तर वरचा सगळा खटाटोप वाचतो. खर्च किरकोळ, तरी फार थोड्या ठिकाणी ती दिसते.

वडगाव, कामशेत, तळेगावकडच्या वाचकांना एक विनंती. उद्या काम संपल्यावर फरशीवर बादलीभर पाणी ओता आणि दहा मिनिटांनी ते कुठे साचलंय ते पाहा. मोरी सोडून दुसरीकडे साचत असेल, तर ती जागा खडूनं आखून मला कळवा. शिडी पुढच्या आठवड्यात नक्की. पत्रं जास्त आली तर त्याच्या पुढच्या.