'गॅटाका': ललाटलेख आणि रक्ताचा थेंब

विज्ञानपट म्हटला की उडत्या तबकड्या आणि किरणांच्या बंदुका डोळ्यांपुढे येतात. अँड्र्यू निकॉल यांच्या १९९७ सालच्या 'गॅटाका'त यांपैकी काहीच नाही. त्यात आहे तो एक जुनाच प्रश्न. माणसाचे भवितव्य जन्मताच ठरते काय?

चित्रपटाचे नाव डीएनएमधील जी, ए, टी आणि सी या चार अक्षरांपासून बनले आहे. त्यातल्या समाजात आईबाप प्रयोगशाळेत निवड करून निर्दोष मूल जन्माला घालतात. व्हिन्सेंट मात्र निसर्गक्रमाने जन्मलेला. जन्मताच रक्ताच्या थेंबावरून भाकीत होते: हृदयविकाराची शक्यता ९९ टक्के, आयुष्य ३०.२ वर्षे. त्याला अंतराळवीर व्हायचे असते. नशिबी येते साफसफाई. अखेर जेरोम या जायबंदी जलतरणपटूचे रक्त, लघवी आणि केस वापरून, त्याच्याच नावाने, तो अंतराळसंस्थेत शिरतो.

जनुके शक्यता सांगतात, निकाल देत नाहीत. जेरोमची जनुके उत्तम असूनही पदरी पडले ते रौप्यपदक, आणि ते शल्य त्याला आतून पोखरते.

आपल्याला येथे कर्ण आठवेल. त्यानेही खरी ओळख लपवून परशुरामांकडून विद्या मिळवली. महाभारत त्या असत्याची किंमत वसूल करते. चित्रपट करीत नाही. व्हिन्सेंटचे हृदय यानातच बंद पडले तर सहकाऱ्यांचे काय, हा प्रश्न तो टाळतो. तो आपण विचारायला हवा. आजची प्रकृती तपासणे रास्तच आहे. उद्याच्या शक्यतेवरून दार बंद करणे हा अन्याय.

चित्रपटातही असा भेदभाव बेकायदा असतो, पण कायदा पाळतो कोण? मानवी जनुकसंचाचा प्रकल्प २००३ साली पूर्ण झाल्याचे जाहीर झाले आणि २००८ साली अमेरिकेत जनुकीय भेदभावविरोधी कायदा झाला. नोकरी आणि आरोग्यविमा त्याच्या कक्षेत येतात, आयुर्विमा येत नाही. पंधरापेक्षा कमी नोकर असलेले मालकही नाहीत. हौसेने लाळेची कुपी चाचणीला पाठवण्यापूर्वी एवढे ठाऊक असावे.

आपण मुलांसाठी शाळा, वस्ती, शिकवण्या सारे उत्तम निवडतो. त्या निवडीबरोबर अपेक्षांचे ओझेही त्यांच्या खांद्यावर जाते, हे जेरोमकडे पाहून उमगते. मोठ्या मुलांसोबत हा चित्रपट जरूर पाहावा. शेवटी आत्महत्येचा प्रसंग आहे, म्हणून नंतर थोडे बोलायलाही बसावे.